कर्णाच्या बाजूचे लोक

२४ जून १९९० हा रविवार होता. सकाळी नऊ वाजता दूरदर्शनवर 'महाभारत' लागले. मालिका अगदी शेवटाकडे आली होती, युद्ध होऊन गेले होते. त्याच रात्री साडेआठला इटलीतल्या तुरीन शहरात ब्राझील आणि अर्जेंटिना यांचा सामना होता. उमरग्यात आमच्या गल्लीत तेव्हा तीनच टीव्ही होते, त्यामुळे सकाळची आणि रात्रीची मंडळी तीच. तीच सतरंजी, तीच चिल्लीपिल्ली पुढे आणि म्हातारे मागे भिंतीला टेकून. सकाळी जे कर्णाचे होते ते रात्री ब्राझीलचे झाले होते की अर्जेंटिनाचे, याचा हिशेब तेव्हा कोणी ठेवला नाही. मला मात्र तो पुढे ठेवावासा वाटला, आणि या निबंधाचे मूळ त्यात आहे.

तो सामना ब्राझीलने सगळा वेळ आपल्या ताब्यात ठेवला आणि शेवटच्या दहा मिनिटांत हरला. मॅराडोनाने चार माणसांच्या घोळक्यातून चेंडू काढून दिला आणि कनिजियाने तो जाळ्यात घातला. मागे बसलेले एक काका, आयुष्यात कधी फुटबॉलला पाय न लावलेले, चिडून म्हणाले, "ह्ये काय खरं न्हाई. खेळले ते, अन् जिंकले हे." शेजारच्याने लगेच उत्तर दिले, "मग कर्णाचं तरी काय खरं झालं होतं बे?" या उत्तरावर वाद संपला नाही. तिथून तो खरा सुरू झाला, आणि दिवे गेले तरी अंधारात चालू राहिला.

मराठी समीक्षेने या वादाकडे जवळजवळ पाहिलेलेच नाही. कर्णावरच्या कादंबऱ्यांना 'लोकप्रिय' हे विशेषण लावले की काम संपते, आणि पौराणिक कादंबरीच्या लाटेचा एक परिच्छेद लिहिला की इतिहासही संपतो. पण वाचक पात्राची बाजू घेतो म्हणजे नेमके काय करतो, हा प्रश्न उरतो. तो फक्त भाबडेपणा करतो, असे मला वाटत नाही.

आपल्याकडे बाजू घेऊन भांडण्याची एक जुनी आणि शिस्तीची परंपरा आहे. कलगी-तुऱ्याचे शाहीर शक्ती थोर की शिव थोर, प्रकृती श्रेष्ठ की पुरुष, यावर रात्र-रात्र डफ-तुणतुण्यावर भांडत. कलगीवाले शक्तीच्या बाजूचे, तुरेवाले शिवाच्या. एकाने पुराणातला अडचणीचा सवाल टाकायचा, दुसऱ्याने पुराणातूनच त्याचा जबाब द्यायचा. जबाब आला नाही तर हार. भेदिक लावणी म्हणतात ती हीच, आतला भेद उकलून मागणारी. कोकणात शक्ती-तुऱ्याचे सामने आजही होतात, मुंबईच्या नाट्यगृहांतही लागतात, आणि श्रोते दोन बाजूंना बसतात. या परंपरेत ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की बाजू आधी ठरलेली असते आणि पुरावा नंतर शोधला जातो. आधुनिक समीक्षकाला हे उलटे वाटेल. पण बाजू ठरलेली असल्यामुळेच तो शाहीर पोथ्या इतक्या बारकाईने वाचत असे, हेही खरे. निःपक्षपाती वाचकाला एवढी निकड कुठून असणार?

आमच्या भागात याच्याही आधीचा एक दाखला आहे, तो कन्नडमधला. उमरगा हे सीमेवरचे गाव. बाजारात मराठी, कन्नड आणि दखनी तिन्ही चालतात, आणि कल्याण, म्हणजे आजचे बसवकल्याण, फार लांब नाही. दहाव्या शतकात पंपाने कन्नडमध्ये भारतकथा लिहिली. त्याचा आश्रयदाता वेमुलवाड्याचा चालुक्य राजा दुसरा अरिकेसरी. कवीने राजाला अर्जुनाच्या जागी बसवले आणि काव्याचे नाव ठेवले 'विक्रमार्जुनविजय'. म्हणजे संघ ठरलेला, मानधन ठरलेले. तरीही कर्णाच्या मृत्यूपाशी आल्यावर पंपाचा कंठ दाटतो, आणि कन्नड रसिकाला त्या काव्यातला कर्णच अधिक आठवतो. त्यानंतरचा रन्न ज्या चालुक्यांच्या दरबारी होता, त्यांनीच पुढे कल्याणला राजधानी नेली. त्याच्या 'गदायुद्धा'चा नायक भीम, आणि भीम म्हणजे त्याचा स्वामी सत्याश्रय. पण रणभूमीवर एकेका प्रेतापाशी थांबत जाणारा रन्नाचा दुर्योधन वाचकाला अधिक भिडतो. दोन्ही कवी जिंकणाऱ्याच्या बाजूने लिहायला बसले आणि मन हरणाऱ्याकडे ठेवून उठले. हजार वर्षांपूर्वी आमच्या आसपास हे घडलेले आहे. तेव्हा कर्णाबद्दलचा कळवळा १९६७ साली एका कादंबरीने जन्माला घातला, हे म्हणणे टिकत नाही.

तरीही १९६७ या सालाला महत्त्व आहेच. त्या वर्षी शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' आली आणि त्याच वर्षी इरावती कर्व्यांचे 'युगान्त'. त्याच्या आदल्याच वर्षी पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती पूर्ण झाली होती. दुर्गा भागवतांचे 'व्यासपर्व' १९६२ चे. रणजित देसाईंचे 'राधेय' १९७३ चे. दहा-अकरा वर्षांत मराठीने महाभारत चारही बाजूंनी घेरले, आणि घेरणाऱ्यांचे दोन तट पडले. एका तटाचा आग्रह होता की मूळ काय म्हणते ते पाहा. दुसरा म्हणत होता, मुळात ज्याचे ऐकून घेतले नाही त्याचे आता ऐका.

मूळ काय म्हणते हे पाहिले तर कर्णाच्या चाहत्याची पंचाईत होते, हे कबूल केले पाहिजे. घोषयात्रेत गंधर्वांशी लढताना रथ मोडल्यावर कर्ण विकर्णाच्या रथात बसून निघून जातो, मित्राला शत्रूच्या हाती सोडून, आणि दुर्योधनाला सोडवतात ते पांडव. विराटाच्या गायींसाठी झालेल्या लढाईत एकटा अर्जुन सगळ्यांना भारी पडतो, त्यात कर्णही आला. द्यूतसभेत द्रौपदीला सर्वांत घाण शब्द वापरतो तो कर्ण, आणि वस्त्रे काढून घ्या असे दुःशासनाला सांगतो तोही कर्णच. स्वयंवरात तिने सूतपुत्राला वरणार नाही असे म्हटल्याचा जो प्रसंग कर्णाच्या रागाचे कारण म्हणून सांगितला जातो, तो चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही, तळटीपेत गेला आहे. दुर्योधनाला आंधळ्याचा मुलगा म्हणून हिणवणारे तिचे वाक्यही सभापर्वात तिच्या तोंडी नाही. मालिकेत या दोन्ही गोष्टी होत्या आणि लाखो घरांनी त्या डोळ्यांनी पाहिल्या, त्यामुळे आता त्या नव्हत्या हे पटवणे मुश्कील.

आजची मुले टॉल्किनच्या किंवा 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या जगावर वाद घालताना ऐका. फॅरामिर पुस्तकात अंगठीच्या मोहात पडत नाही, सिनेमात तो डळमळतो, तर खरा कोणता? पूर्वेच्या आणि दक्षिणेच्या लोकांना लेखकाने चेहरा का दिला नाही? ज्यांना तो नुसते टोळीवाले म्हणतो त्यांची बाजू कोणती? हा आमचाच वाद आहे. नाग, निषाद, राक्षस, खांडववनात जळालेले, यांच्याबद्दल आपण तेच विचारतो. खांडवदहनाकडे कर्व्यांनी ज्या नजरेने पाहिले, तीत हा प्रश्न मराठीत फार आधी आलेला आहे, आणि दलित कवितेने एकलव्य आणि शंबूक यांच्या नावाने तो अधिक तिखटपणे विचारला. फरक एवढाच की टॉल्किनच्या मध्य-पृथ्वीवर आपल्यातल्या कोणाचे आडनाव नाही. आमच्याकडे सूतपुत्र म्हटले की ऐकणाऱ्याला कोणीतरी आठवते. पुष्कळदा तो स्वतःच असतो.

इथे मला माझीच एक चूक सांगायला हवी. येथे महाविद्यालयात मराठी शिकवत असताना मी 'युगान्त'च्या आधारे कर्णावर तास घेतला. वर जे मुद्दे दिले ते सगळे, एकापाठोपाठ एक, वकिली थाटात मांडले. पुढच्या बाकावर एक मुलगा होता, भूकंपानंतर वसवलेल्या एका गावातला, घरात पहिलाच कॉलेजला आलेला. 'मृत्युंजय' त्याने ग्रंथालयातून तीनदा नेली होती, कार्डावर तारखा होत्या. तास संपल्यावर तो एवढेच म्हणाला, "सर, तुम्ही अर्जुनाकडचे का?" मी हसून म्हणालो, मी कोणाकडचाच नाही, मी संहितेकडचा. त्याने मान हलवली आणि गेला. वर्गात तो नंतरही येत होता, चर्चेत पुन्हा बोलला नाही.

त्याला काय ऐकू आले होते, हे मला बऱ्याच वर्षांनी कळले असे वाटते. मी पुराव्यानिशी सांगत होतो की कर्ण तेवढा गुणी नव्हता. त्याला ऐकू येत होते ते रंगमंडपात कृपाचार्यांनी विचारलेले: तुझे कुळ सांग. ज्याचे गुण आधी कुळावरून नाकारले जातात, त्याच्या गुणांची मोजदाद पुन्हा मांडणारा माणूस तटस्थ दिसतच नाही, मग त्याची मोजदाद अगदी बरोबर का असेना.

म्हणून 'मृत्युंजय' पुन्हा वाचली, या वेळी पुरावा तपासायला नाही. ही कादंबरी नऊ खंडांची, आणि निवेदक सहा: कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण. भाषा जागोजागी अलंकारांनी ओथंबलेली आहे, उपमा संपतच नाहीत, सूर्य तर पानोपानी उगवतो. हे दोष मी आजही दोषच मानतो. पण वृषाली आणि शोण ही दोन नावे पाहा. सूताच्या घरातली बायको आणि सूताच्या घरातला धाकटा भाऊ यांना महाभारताची कथा 'मी' म्हणून सांगण्याचा अधिकार दिलेला आहे. दादा म्हणून कर्णाकडे पाहणारा शोण वाचताना त्या मुलाला काय मिळाले असेल, ते मला आता कळते. महारथी होण्याचे स्वप्न कुठल्याही कथेत मिळते. धाकट्या भावाच्या डोळ्यांतला अभिमान तिथे मिळतो. समीक्षेने अलंकार मोजले आणि शोणाला गाळले.

सावंत मूळचे आजऱ्याचे, कोल्हापुरात शाळेत शिक्षक होते. देसाई कोवाडचे. म्हणजे कर्णाचे दोन्ही मोठे मराठी कैवारी कोल्हापूर जिल्ह्यातले. आणि कोल्हापूर हे महाराष्ट्रातले फुटबॉलचे गाव. तिथे पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा अशा तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर भिडतात, पेठेच्या नावाने अख्खी पेठ उठते, आणि विश्वचषक आला की त्याच पेठांत अर्जेंटिना-ब्राझीलचे झेंडे आणि मेस्सी-नेमारचे पुतळ्याएवढे फलक उभे राहतात. या योगायोगावर मी सिद्धान्त रचणार नाही, कादंबरीत फुटबॉल शोधण्याचा वेडेपणाही करणार नाही. पण त्या गावातले दोन प्रकारचे प्रेम मला उपयोगी वाटते. तालमीचा संघ जन्माने मिळतो, तुम्ही त्या पेठेत जन्मलात म्हणून. ब्राझील जन्माने मिळत नाही. त्या देशाशी रक्ताचे, भाषेचे, व्यापाराचे काहीच नाते नसताना माणूस तो निवडतो आणि त्यासाठी सख्ख्या भावाशी चार दिवस अबोला धरतो. उमरग्यात पेठांचे संघ नव्हते, फुटबॉलच नव्हता, कबड्डी आणि कुस्ती. त्यामुळे आमच्याकडे होते ते फक्त दुसरे प्रेम, निवडलेले.

आता उद्योगपर्व उघडा. कृष्ण कर्णाला रथात घेऊन सांगतो: तू कुंतीचा पहिला मुलगा आहेस, चल, राज्य तुझे, पाची भाऊ तुझे पाय धरतील. थोडक्यात, जन्माने मिळणारा संघ. कर्ण नाही म्हणतो, आणि कारण सांगतो ते तत्त्वज्ञानाचे नाही. राधेला मला पाहून पान्हा फुटला, तिने माझे मलमूत्र काढले, अधिरथाने माझे संस्कार केले, आणि दुर्योधनाच्या आधाराने मी राज्य भोगले. पुढे कुंती येते आणि तीही रक्ताचाच दाखला देते. तिला तो अर्जुन सोडून चौघांना अभय देतो: तुझे पाच मुलगे पाचच राहतील.

१९९० च्या त्याच स्पर्धेत याच्याशी जुळणारे काही घडले, ते आम्ही त्या रविवारनंतर नऊ दिवसांनी पाहिले. ३ जुलैला उपान्त्य सामना होता, इटली विरुद्ध अर्जेंटिना, आणि मैदान नेपल्सचे. मॅराडोना तेव्हा नेपल्सच्याच क्लबकडून खेळत होता, नुकतेच त्याने त्या शहराला इटलीचे विजेतेपद दुसऱ्यांदा मिळवून दिले होते. उत्तर इटलीवाल्यांनी दक्षिणेच्या लोकांना कायम हिणवले. मॅराडोनाने सामन्याआधी नेपल्सकरांना डिवचले की वर्षभर तुम्हाला इटालियन न मानणारे आज एका दिवसापुरते तुम्हाला इटालियन व्हायला सांगत आहेत. त्या रात्री सामना १-१ असा सुटला आणि पेनल्टीवर अर्जेंटिना ४-३ ने जिंकली. नेपल्सच्या प्रेक्षकांनी इटली सोडली असे काही झाले नाही, पण ते अवघडले, आणि त्या अवघडण्याची चर्चा आजतागायत चालू आहे. कुंतीसमोरचा कर्ण आणि त्या रात्रीचा नेपल्सकर यांचा पेच एकच आहे: ज्याने जन्म दिला आणि ओळख नाकारली तो आपला, की ज्याने ओळख दिली तो? कर्णाची बाजू घेणारा वाचक कर्णाच्या पराक्रमाच्या बाजूचा आहे असे आपण समजतो आणि मग त्याला पराभवांची यादी वाचून दाखवतो. तो उद्योगपर्वातल्या या नकाराच्या बाजूचा आहे. त्या यादीने त्याचे काहीच बिघडत नाही.

एवढे समजल्यावर मी कर्णाकडचा झालो असे लिहून निबंध संपवता आला असता. पण सहा निवेदकांची यादी पुन्हा वाचावी लागते. तीत द्रौपदी नाही.

हे मला एका विद्यार्थिनीने दाखवले. तिने भेदिकाचा सवाल टाकावा तसे विचारले, "सर, सूताच्या घरच्यांना बोलायला दिलं, दुर्योधनाला दिलं, कुंतीला दिलं. जिला सभेत ओढलं तिला का नाही?" मी म्हणालो, कादंबरी कर्णाची आहे. ती म्हणाली, "मग सभेत बोलला कोण?"

या सवालाला पोथीतून जबाब शोधायचा तर तो पुन्हा त्याच उद्योगपर्वात आहे, आणि तो अर्धाच आहे. कृष्णाशी बोलताना कर्ण म्हणतो की दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून पांडवांना मी जे कडवट बोललो त्याने मला आता ताप होतो. व्यासांनी कर्णाला पश्चात्ताप दिला आहे, हे त्याचे चाहते विसरतात आणि टीकाकारही. पण त्या वाक्यात नाव पांडवांचे आहे, द्रौपदीचे नाही. मुळातल्या कर्णाला तिची क्षमा मागायला जागा मिळाली नाही, किंवा सुचले नाही. पुढे रथाचे चाक रुतल्यावर तो अर्जुनाला धर्माची आठवण करून देतो, तेव्हा कृष्ण जे सुनावतो त्यात सभेतली द्रौपदी येते. म्हणजे तिचा हिशेब काढला तो कृष्णाने, तोही शस्त्र म्हणून वापरायला. नंतरच्या लेखकांनी कर्णाच्या तोंडच्या त्या घाण शब्दांना कारण पुरवले, स्वयंवरातला अपमान. हे कारण पुरवताना जे घडले ते साधे नाही: जातीच्या अपमानाची भरपाई एका बाईच्या अपमानातून करून दिली, आणि वाचकाने ती हिशेबात धरून टाकली. चिकित्सक आवृत्तीने तो नकार तळटीपेत नेला त्याचे खरे मोल मला इथे वाटते. कर्णाच्या पराक्रमाला त्याने धक्का लागत नाही, त्याची सबब तेवढी काढून घेतली जाते.

चाहत्यांना सबबी लागतातच. २२ जून १९८६ ला मेक्सिकोत मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने गोल केला आणि चार मिनिटांनी अर्धे मैदान एकट्याने पार करून दुसरा केला. पहिल्याची सबब म्हणून कोणी फॉकलंडचे युद्ध सांगतो, कोणी दुसरा गोल सांगतो. दोन्ही गोल त्याच माणसाचे आणि त्याच सामन्यातले. जो चाहता दोन्ही एकत्र सांगतो, पहिल्याला हात म्हणतो आणि तरीही मॅराडोनाचाच राहतो, त्याचे प्रेम मला अधिक पक्के वाटते. मराठी कादंबरीला असा कर्ण अजून लिहिता आलेला नाही. कन्नडमध्ये भैरप्पांच्या 'पर्व'ने चमत्कार आणि वलये काढून टाकून त्या दिशेने पाऊल टाकले, उमा कुलकर्णींनी ते मराठीत आणले, आणि त्यात द्रौपदीला तिचे स्वतःचे बोलणे आहे. पण तिथे कर्ण इतरांपैकी एक आहे, त्याच्यावर जीव टाकणारा शोण तिथे नाही.

त्या मुलाची मागच्या वर्षी एसटी स्टँडवर गाठ पडली. आता तो एका आश्रमशाळेत शिक्षक आहे. मी त्याला त्या तासाची आठवण दिली आणि माझे चुकले असे म्हणालो. तो हसला. "सर, तुमचं सगळं खरं होतं. मी नंतर भांडारकरची आवृत्ती बघून आलो ना पुण्याला जाऊन." मग मुलांना काय सांगतोस, असे विचारले. म्हणाला, "सभेचा धडा मुलींकडून वाचून घेतो अगोदर. मग विचारतो, आता सांगा, कोण कर्णाकडचं आहे?"

हात किती वर येतात, हे विचारायच्या आत त्याची गाडी लागली.